कुपवाडला नोकरी लागली, पण राहायचं कुठं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कुटुंब नाशिकचं. तुम्हाला सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत नोकरी मिळालीय, जूनमध्ये रुजू व्हायचंय. वहिनींचं काम घरून, कॉम्प्युटरवर. मुलगा आठवीत, मुलगी तिसरीत जाणार. आई बहात्तर वर्षांच्या, हृदयाचं दुखणं आहे आणि गुडघ्यांनी त्रास दिलाय. नाशिकचा फ्लॅट विकून वर्षभरात इकडं घर घ्यायचा विचार आहे. एकानं सांगितलं, सांगलीत पूर येतो, मिरजेत राहा. दुसरा म्हणाला, कोल्हापूरला राहा आणि येऊन-जाऊन करा. तिसऱ्यानं इस्लामपूर (आताचं ईश्वरपूर) सुचवलं, कारण तिथून हायवे जवळ. आणि तुम्ही विचारताय, यातलं कुठलं गाव चांगलं?

मी स्थापत्य अभियंता आहे. बँका घरावर कर्ज देण्याआधी त्या घराची पाहणी करून किंमत ठरवून घेतात, ते काम मी बरीच वर्षं सांगली-मिरज भागात करतो. त्यामुळं घरं बघायची माझी नजर जराशी संशयी आहे, हे आधीच सांगतो. गावाची संस्कृती, माणसं, नाटकं, भडंग या बाबतीत मी तटस्थ नाही, मी इथलाच आहे. पण तो भाग तुम्ही आल्यावर तुमचा तुम्हाला कळेल.

मला वाटतं तुमचा प्रश्न गावाचा नाहीच. तुमच्या घरात पाच माणसं आहेत आणि त्यांच्या रोजच्या वाटा वेगवेगळ्या दिशांना जातात. एक कुपवाडच्या कारखान्याकडं, दोन शाळेकडं, एक दवाखान्याकडं, आणि वहिनींची वाट इंटरनेटच्या तारेतून. या वाटा जिथं कमीत कमी ताणल्या जातील आणि जिथं ऑगस्टमध्ये घरात पाणी येणार नाही, अशी जागा शोधायची. तिला सांगली म्हणतात की मिरज, हे नंतर बघू.

आधी नकाशा डोक्यात बसवून घ्या, कारण बाहेरून येणाऱ्यांचा गोंधळ इथंच होतो. सांगली, मिरज आणि कुपवाड ही तीन गावं असली तरी १९९८ पासून महानगरपालिका एकच आहे. सांगली कृष्णेच्या काठावर, मिरज तिच्या पूर्वेला साधारण दहा किलोमीटरवर, आणि कुपवाड या दोघांच्या मध्ये पण उत्तरेच्या अंगाला. सांगली-मिरज रस्त्यावर मध्यावर विश्रामबाग, विजयनगर हा पट्टा लागतो. विलिंग्डन कॉलेज आणि वालचंद कॉलेज याच पट्ट्यात. पूर्वी जिल्हाधिकारी कार्यालय जुन्या गावात राजवाड्याजवळ होतं, आता विजयनगरला आहे. जिल्हा न्यायालयही तिकडंच. म्हणजे सांगली गेली कित्येक वर्षं नदीला पाठ करून पूर्वेकडं सरकतेय. तेव्हा कुणी "सांगलीत राहू नका" म्हणालं, तर त्याला विचारा, कुठल्या सांगलीत?

आता पूर. यावर जरा थांबून बोलतो, कारण तुमचा निम्मा निर्णय इथं होतो.

सांगलीचा पूर सांगलीच्या पावसानं येत नाही. इथं ऊन पडलेलं असतं, लोक गच्चीवर कपडे वाळत घालतात आणि नदी चढत असते. पाऊस महाबळेश्वर, कोयना, चांदोली या भागात झालेला असतो. कराडला कोयना कृष्णेला मिळते, ब्रह्मनाळला येरळा मिळते, आणि सांगलीच्या अगदी पायाशी, हरिपूरला, वारणा मिळते. पुढं नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. वारणा आणि पंचगंगा दोन्ही भरून वाहत असतील तर कृष्णेचं पाणी पुढं सरकायला वाव राहत नाही, ते सांगलीत तुंबतं. त्याखालच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावरून जो वाद आहे त्यात मी शिरत नाही. घर घेणाऱ्याला पाण्याचं कारण ऐकून उपयोग नाही, त्याला पाण्याची उंची हवी.

ही उंची सांगलीत आयर्विन पुलापाशी मोजतात. १९२९ चा पूल आहे, दगडी, देखणा. ४० फूट म्हणजे इशारा पातळी, ४५ फूट म्हणजे धोका पातळी. जुलै उजाडला की इथं माणसं एकमेकांना "आयर्विनला किती?" एवढंच विचारतात. २००५ ला पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, २०१९ ला ५७ फुटांच्या वर, आणि २०२१ ला पुन्हा ५४ च्या पुढं. हे तीन आकडे लिहून ठेवा. घर बघताना तुमचं खरं हत्यार हेच आहे.

वापरायचं कसं ते सांगतो. घर बघायला गेलात की "इथं पाणी येतं का?" असं विचारू नका. त्याला उत्तर ठरलेलं असतं, "छे, फक्त २०१९ ला आलं होतं, ते काय सगळीकडंच आलं होतं." त्याऐवजी विचारा, "२०१९ ला पाणी भिंतीवर कुठवर होतं? हात लावून दाखवा." समजा माणसानं छातीखाली, फरशीपासून चार फुटांवर हात ठेवला. मग ५७ मधून ४ वजा करा, ५३ आले. म्हणजे आयर्विनला ५३ फूट झाले की त्या घराच्या फरशीला पाणी लागतं. म्हणजेच २०२१ ला तिथं पाणी होतं आणि २००५ लाही उंबऱ्याशी आलं असणार. आता "फक्त २०१९ ला" या वाक्याचं काय राहिलं? दुसऱ्या घरात हात डोक्याच्याही वर गेला, दहा-बारा फुटांवर, तर त्या घरात धोका पातळीच्या आसपासच पाणी शिरतं, म्हणजे मोठ्या पुराची वाटही बघावी लागत नाही. नदीच्या वरच्या आणि खालच्या अंगाला थोडा फरक पडतो, बांध-रस्ते मध्ये आले तर पडतो, त्यामुळं फूटभर इकडंतिकडं धरा. पण एजंटच्या बोलण्यापेक्षा हे गणित कधीही बरं.

हात दाखवायला कुणी तयार नसेल तर घरच सांगतं. तळमजल्यावर ठरावीक उंचीपर्यंतच नवा गिलावा आहे का? विजेचे बोर्ड आणि मीटर विनाकारण वर चढवलेत का? खालच्या दारांच्या चौकटी नव्या आणि वरच्या जुन्या आहेत का? रंग ताजा असेल तर जिन्याखाली आणि संडासामागं बघा, तिथं कुणी नीट रंगवत नाही. आणि घरमालकाशी बोलून झाल्यावर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, नाहीतर दूधवाल्याला विचारा. त्याला घर विकायचं नसतं.

जागांची नावं सांगायची तर सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रोड, आरवाडे प्लॉट, नदीपलीकडची सांगलवाडी, इकडं पाणी आधी येतं. मोठ्या पुरात ते मारुती चौक, गावभाग, हरभट रोड, स्टेशन चौकापर्यंत पोचतं. शामरावनगरचा प्रकार जरा वेगळा आहे. तिथली जमीन सखल आणि काळी, त्यामुळं नदीचा पूर नसतानाही नुसत्या पावसाचं पाणी दिवसच्या दिवस साचून राहतं. विश्रामबाग-विजयनगरचा पट्टा या सगळ्याच्या वर आहे, २०१९ लाही पूरग्रस्तांची सोय इकडंच झाली.

गावभागाबद्दल दोन वाक्यं, नाहीतर तिथले मित्र मला घरी येऊ देणार नाहीत. गणपती मंदिराच्या आसपासचा तो भाग राहायला सुरेख आहे, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. तिथली माणसं पुराला सरावलेली आहेत. आयर्विनला अमुक फूट झालं की फ्रिज माळ्यावर, तमुक झालं की म्हातारी माणसं नातेवाइकांकडं, हे त्यांना न सांगता कळतं, आणि उचलायला शेजारचे चार हात येतात. तुमच्याकडं पहिल्या वर्षी ते चार हात नसतील. शेजारी चांगले असतील, पण ते स्वतःचं सामान उचलण्यात असतील. म्हणून नव्या माणसाला मी तो भाग सुचवत नाही.

आणि "आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहू, खाली पाणी आलं तर काय फरक पडतो" हा विचार आईंसाठी तरी सोडा. खाली पाणी आलं की वीज बंद करतात, लिफ्ट बंद, पंप बंद, गटारं उलटी फिरतात. इथलं पाणी कोकणासारखं आलं आणि ओसरलं असं नसतं, ते सावकाश चढतं आणि आठवडाभर बसून राहतं. हृदयाच्या पेशंटला होडीतून उतरवायची वेळ येऊ नये. त्यात कृष्णेत मगरी आहेत, हे गमतीनं सांगत नाही, पूर ओसरल्यावर त्या वस्तीत सापडलेल्या आहेत.

घर कोरडं असलं तरी पुराचा सगळाच त्रास चुकत नाही. शहराला पाणी कृष्णेतूनच येतं, आणि उपसा करणारी यंत्रणा नदीकाठीच आहे. २०१९ ला गावभर पाणी आणि नळाला थेंब नाही, अशी अवस्था झाली होती. त्यामुळं विश्रामबागलासुद्धा घर बघताना बोअर आहे का, जमिनीखालची टाकी किती मोठी आहे, हे विचारा. मात्र इथल्या बोअरच्या पाण्यावर फार भिस्त ठेवू नका. उसाला वर्षानुवर्षं पाणी पाजून या पट्ट्यातली बरीच जमीन क्षारपड झालीय, बोअर खारट लागतात. गिझरची कॉईल आणि नळांच्या तोट्यांवर पांढरा थर दिसला की समजा. धुण्याभांड्याला ठीक, प्यायला नाही. नळाच्या पाण्यालाही चांगला फिल्टर लावा. शेरीनाल्याचं सांडपाणी नदीत मिसळतं ही सांगलीची जुनी तक्रार आहे, आणि उन्हाळ्यात नदीचं पात्र आटलं की ती जास्त जाणवते.

मोठ्या पुरात रस्तेही तुटतात. इथंच तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या सल्लागाराचा विषय येतो.

कोल्हापूर कुपवाडहून पन्नासेक किलोमीटर. रोज जाऊन-येऊन शंभर. तरुण, एकटा माणूस वर्षभर करतो, मग घर बदलतो. कोल्हापूर-सांगली रस्ता उदगाव-अंकलीच्या मध्ये कृष्णा ओलांडतो, आणि महापुरात तो बंद पडतो. २०१९ ला तर पुणे-बेंगळुरू महामार्गसुद्धा शिरोलीजवळ पाण्याखाली होता. वर मुलांची शाळा कोल्हापुरात, वडील कुपवाडात, आणि दुपारी शाळेतून फोन आला तर वहिनींनी हातातलं काम टाकून धावायचं. कोल्हापूर आवडतं म्हणून राहायचं असेल तर गोष्ट वेगळी. सोयीसाठी नको.

त्याच वाटेवर जयसिंगपूर लागतं, तुम्हाला कुणी ते सुचवलं नाही याचं मला आश्चर्य वाटलं. जिल्हा कोल्हापूर असला तरी सांगलीपासून दहा-बारा किलोमीटरच. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये वडिलांच्या नावानं वसवलेलं गाव, त्यामुळं रस्ते सरळ, चौकात काटकोन, बाजारपेठ दांडगी. २०१९ ला आजूबाजूच्या शिरोळ तालुक्यातली माणसं आसऱ्याला इथं आली होती, इतकं ते उंचावर आहे. घर म्हणून जयसिंगपूर उत्तम. अडचण एकच, तुमची नोकरी नदीच्या अलीकडं आणि घर पलीकडं. पुरात घर कोरडं, नोकरी कोरडी आणि मधला पूल बंद. आईंचा दवाखाना मिरजेत ठरला तर तोही पुलाच्या अलीकडंच. दोघंही तरुण असते, कुणाला दवाखान्याची गरज नसती, तर मी जयसिंगपूर वरच्या क्रमांकावर ठेवलं असतं.

इस्लामपूर चांगलं, पैसेवालं गाव आहे. महामार्ग जवळ, पुण्याला जाणं सोपं. पण तुम्हाला पुण्याला रोज जायचंय का? सांगलीला यायला आष्ट्यावरून पस्तीसेक किलोमीटर आणि तिथून पुढं कुपवाड. या रस्त्यावरही पुरात पाणी येतं. ज्यांची नोकरी कराड किंवा पेठ नाक्याकडं आहे त्यांनी इस्लामपूर बघावं.

तासगाव कोरडं, स्वस्त, द्राक्ष-बेदाण्याचं गाव. कुपवाडहून उलट्या बाजूला असलं तरी फार लांब नाही. तुमच्या सगळ्या वाटा एका दिशेला असत्या तर चाललं असतं. पण हृदयाचा दवाखाना आणि आठवीच्या पुढचे क्लासेस यासाठी शेवटी सांगली-मिरजलाच यावं लागेल. त्याच्याही पलीकडं विटा, कवठेमहांकाळ, जत. तिथला प्रश्न पुराचा नाही, उलटा आहे. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजनांनी शेतीला पाणी पोचलं, पण पिण्याच्या पाण्याची नळाची वेळ तिथल्या माणसाला विचारूनच घ्या.

आता आई. मिरज हे दवाखान्यांचं गाव आहे. वानलेस हॉस्पिटल १८९४ पासूनचं, १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, आणि त्यांच्या भोवती खासगी दवाखाने इतके, की कर्नाटकातल्या गावांतूनही पेशंट इथं येतात. स्टेशनबाहेर मराठीइतकीच कन्नड ऐकू येईल. आईंना महिन्याकाठी एकदा तपासणीला न्यायचं असेल तर विश्रामबागहून मिरज हाकेच्या अंतरावर आहे, त्यासाठी मिरजेतच राहायची गरज नाही. पण आठवड्याला दोन-तीनदा जावं लागणार असेल, किंवा डॉक्टरांनी रात्रीबेरात्री कधीही लागेल असं सांगितलं असेल, तर माझं उत्तर बदलतं. मग मिरजच. जुन्या मिरजेतल्या बोळांत नको, तिथं गाडी दारात येत नाही आणि गुडघेदुखीवाल्या माणसाला दहा पावलंही भारी पडतात. पंढरपूर रोड, मालगाव रोडकडच्या नव्या वसाहती बघा. कृष्णा घाटाकडचा भाग मात्र नदीचाच आहे, तिथंही वरचं वजाबाकीचं गणित लावा. मिरजेत राहिलात तर नाशिकला जाण्यासाठी एक सोय मिळते, गोवा एक्स्प्रेस मिरजेहून पुण्यावरून मनमाडला जाते.

शाळेबद्दल फार सांगत नाही, बोर्ड आणि माध्यम तुम्ही ठरवायचं. एवढंच की मुलीला दोन वर्षांत कुठंही रुजवता येईल, मुलाला नाही. आठवीत आला म्हणजे दहावीपर्यंत शाळा बदलायची नाही, असं धरून चाला. म्हणून आधी मुलाची शाळा पक्की करा आणि तिच्याभोवती भाड्याचं घर शोधा. पुष्कळ लोक उलट करतात आणि मग मूल रोज दोन तास व्हॅनमध्ये बसतं. विश्रामबाग परिसरात शाळा आणि क्लासेस दोन्ही आहेत, त्यामुळं तिथं हा त्रास कमी.

वहिनींच्या कामासाठी: शहरात फायबर सगळीकडं मिळतं, पण "मिळतं" आणि "चालतं" यात फरक आहे. घर बघताना त्याच इमारतीत कुणी घरून काम करणारं आहे का ते शोधा आणि कुठली कंपनी टिकते ते त्यांना विचारा. महावितरणची वीज वळवाच्या पावसात, एप्रिल-मेमध्ये, जास्त जाते. इन्व्हर्टर धरूनच बजेट करा.

खुद्द कुपवाडमध्ये राहायचं का? नोकरी तिथंच, भाडं कमी, पाच मिनिटांत घर. मोह होतो. एकटे असता तर मी हो म्हटलं असतं. पण ट्रकची वर्दळ आणि धूळ आहे, आणि गटारांची, रस्त्यांची कामं सांगली-मिरजेच्या मागं राहिलीत. दिवसभर घरात असणार वहिनी, आई आणि दुपारनंतर मुलं. तुम्ही कारखान्यात. जागा निवडताना जो दिवसभर घरात राहतो त्याचं मत जास्त धरावं, असं मी तरी मानतो. विश्रामबागहून कुपवाड एमआयडीसी दुचाकीनं पंधरा-वीस मिनिटं, फारच गर्दी लागली तर अर्धा तास. तेवढं तुम्ही सोसा.

म्हणजे तूर्त असं: भाड्यानं, अकरा महिन्यांच्या करारावर, विश्रामबाग ते विजयनगर या पट्ट्यात, लिफ्ट असलेल्या इमारतीत किंवा तळमजल्यावर. आईंची तब्येत जास्त नाजूक असेल तर मिरजेची नवी बाजू. बाकीची गावं सध्या बाजूला.

आणि घर विकत घ्यायची घाई? नाशिकचा फ्लॅट विकला की पैसे हातात गरम असतात, हे मला ठाऊक आहे. तरी पहिला पावसाळा भाड्याच्या घरात काढा. जून ते सप्टेंबर रविवारी सकाळी गाडी काढायची आणि जे भाग मनात आहेत ते फिरायचे. उन्हाळ्यात सगळेच प्लॉट सारखे दिसतात. जुलैत मात्र कुठं रस्ता आहे आणि कुठं नुसती रस्त्याची आखणी आहे, कुठं पाणी रात्रीत जिरतं आणि कुठं बेडूक ओरडत राहतात, हे फुकटात कळतं. आयर्विनला ४० च्या पुढं पाणी गेलं तर त्या आठवड्यात तर नक्की फिरा, अर्थात जिथं जायला परवानगी आहे तिथंच.

घ्यायची वेळ आली की तीन गोष्टी, माझ्या धंद्यातल्या.

पहिली म्हणजे पूररेषा. पाटबंधारे विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी ते निळी रेषा या पट्ट्यात नवं बांधकाम करता येत नाही, निळी ते लाल यामध्ये अटी असतात, जोतं उंच ठेवावं लागतं. महापालिकेच्या नगररचना विभागात गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर देऊन विचारता येतं. विक्रेता म्हणेल, "इथं सगळ्यांनीच बांधलंय." बांधलं असेल. बँकेचा माणूस म्हणून मी आलो की मात्र मला ते लिहावंच लागतं, आणि पाच वर्षांनी तुम्ही विकायला काढाल तेव्हा पुढच्याचा बँकवालाही लिहील.

दुसरी गुंठेवारी. सांगली-मिरज-कुपवाडच्या कडेनं शेतजमिनीचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून वसलेल्या वसाहती भरपूर आहेत. २००१ च्या कायद्यानं त्या नियमित करून घेता येतात आणि बऱ्याच झाल्यातही. घर छान, किंमत कमी, आणि कागद म्हणजे नुसता सातबाऱ्यावर सामाईक नाव, असं दिसलं तर थांबा. नियमितीकरणाचं प्रमाणपत्र, मंजूर नकाशा, घरपट्टी आणि प्रत्यक्ष बांधकाम एकमेकांशी जुळतात का बघा. फ्लॅट असेल तर भोगवटा प्रमाणपत्र. "प्रोसेसमध्ये आहे" हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्याचा अर्थ "नाही" असाच धरतो. तसंच कवलापूरच्या विमानतळाच्या नावावर प्लॉट विकणारेही भेटतील. विमानतळाची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. विमान उतरेल तेव्हा उतरेल, तुम्ही प्लॉटची किंमत आज तिथं जे आहे त्याचीच द्या.

तिसरी माती. नाशिकला तुम्हाला मुरूम आणि पाषाण लवकर लागतो, इथं बऱ्याच ठिकाणी काळी माती खोल आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. वरवरच्या पायावरचं बंगलेवजा घर असेल तर भिंतीत दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा निघतात. केसाएवढी भेग गिलाव्याची असू शकते, तिला घाबरू नका. पण नाण्याची कड आत जाईल एवढी रुंद, तिरपी आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना दिसणारी भेग असेल तर इंजिनियरला दाखवल्याशिवाय पुढं जाऊ नका. घर उन्हाळ्याच्या शेवटी बघा, तेव्हा भेगा सगळ्यांत जास्त उघडलेल्या असतात. दिवाळीच्या आसपास सगळी घरं सरळ दिसतात. स्वतः बांधणार असाल तर माती तपासून पाया ठरवा. तो खर्च एकूण बांधकामापुढं किरकोळ असतो, आणि सगळ्यांत आधी वाचवला जातो तोही तोच.

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी नाहीत आणि त्यावर बरंच अवलंबून आहे. तुमची ड्युटी शिफ्टमध्ये आहे का? रात्रपाळी असेल तर शंभरफुटी रोडच्या आसपासचं, उशिरापर्यंत रिक्षा मिळणारं ठिकाण बघावं लागेल, शिवाय त्या रात्री आईंजवळ वहिनी एकट्या असतील, म्हणजे मिरजेचं पारडं आणखी जड होतं. आणि आईंना सध्या किती वेळा तपासणी लागते, पुढं शस्त्रक्रियेचं काही बोलणं आहे का? एवढं कळवा, म्हणजे विश्रामबाग की मिरज, हे ठामपणे सांगता येईल. घर मे महिन्यातच शोधायला या. जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळांमुळं याच पट्ट्यात सगळ्यांची धावपळ सुरू होते आणि चांगली तळमजल्याची घरं तोवर गेलेली असतात.